"लो रिस्क" लिहून दिलं, आता पुढे काय? (भाचीबद्दल आहे, जरा मोठं आहे)

मृद्गंध | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, चारपाच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी, वय १५, यंदा दहावी. ताई सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असते, मी पुण्यात. मे महिन्यात भाची माझ्याकडे राहायला आली तेव्हा एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचे टॉप घालून फिरत होती. मी आपलं टॅनिंगची भीती असेल म्हणून सोडून दिलं. एकदा भांडी घासताना बाही वर गेली आणि हातावरच्या खुणा दिसल्या. काही जुन्या, काही ताज्या. मी काहीच बोलले नाही, चहा ठेवला, दोन तास दोघी गप्प. रात्री तीच म्हणाली, "मावशी, आईला सांगू नकोस."

मी सांगितलं. यावरून मला झोप नाही ते वेगळंच.

ताई रडून रडून अर्धी झाली. दाजींनी फोन काढून घेतला आणि तिच्या खोलीच्या दाराची कडीच काढून टाकली. ताईने स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, "परत केलंस तर मेलेलं तोंड बघशील." आजी दृष्ट काढून मोकळी झाली (तिघांत त्यातल्या त्यात निरुपद्रवी तीच!). मग एका कौन्सेलरकडे नेलं. त्यांनी ताईदाजींच्या समोरच एक फॉर्म भरून घेतला, हो/नाहीचे प्रश्न, मार्कांची बेरीज केली, "लो रिस्क आहे, अभ्यासाचं टेन्शन आहे, मेडिटेशन करा" आणि झालं. २० मिनिटं. ताई आता म्हणते सुटलो बाई. पण काल दुसऱ्याच्या फोनवरून भाचीचा मेसेज आला, "त्यांनी विचारलं मरावंसं वाटतं का, पप्पा शेजारी बसले होते, मी काय हो म्हणणार होते का?"

मला एवढंच विचारायचंय की हे असंच तपासतात का? नीट तपासणी म्हणजे काय असते, आणि ट्रीटमेंट म्हणून नक्की काय करतात?

---

प्रशासक | सोमवार, सकाळी ८:०५

धागा ठेवत आहोत. विनंती एकच, कुणी कशाने, कसं केलं याचं वर्णन प्रतिसादात नको, तसं दिसलं की उडवलं जाईल. वाचता वाचता स्वतःलाच त्रास व्हायला लागला तर टेलीमानस १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. १८ च्या आतल्यांसाठी १०९८ पण आहे.

---

आडनाव_नको | सोमवार, सकाळी ९:१२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मास्तर मारायचे, वडील मारायचे, कोणी हात कापून घेतला नाही. हे सगळं मोबाईलमधून आलेलं फॅड आहे, लक्ष वेधून घ्यायचं असतं. जेवढं लक्ष द्याल तेवढं वाढेल.

---

फुलपाखरू२२ | सोमवार, सकाळी ९:५०

@आडनाव_नको काका, लक्ष वेधायचं असतं तर मे महिन्यात पूर्ण बाह्या कशाला घातल्या असत्या तिने?

---

निंबोणी | सोमवार, दुपारी २:३०

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, जिल्हा रुग्णालयात १४ वर्षं काढलीत. मधल्या सुट्टीत लिहितेय त्यामुळे तुकड्यातुकड्यात येईल.

आधी फॉर्मबद्दल. मुलीला फॉर्म देणं चूक नाही, बोलायला सुरुवात म्हणून आम्हीही देतो. चूक आहे ती बेरीज करून "लो" लिहून घरी पाठवण्यात. पुढे कोण परत करेल आणि कोण जिवावर बेतवून घेईल हे असल्या मार्कांवरून ओळखता येत नाही, जगभर हे तपासून झालंय. लो लिहिलेल्यांतलेच कित्येकजण नंतर गंभीर अवस्थेत येतात आणि हाय लिहिलेल्यांतल्या बहुतेकांना काही होत नाही. त्यामुळे त्या कागदाचा उपयोग मुलीला कमी आणि आपल्या मनाच्या समाधानाला जास्त.

दुसरं, आईवडिलांसमोर विचारणं. आमचा क्रम असा: जखम असेल तर आधी जखम. नीट धुवून, ड्रेसिंग करून, दुखू नये म्हणून औषध देऊन. "स्वतःच केलंय ना, मग भोग आता" असं बोलत टाके घालणारे महाभाग मी बघितलेत, ती मुलगी परत दवाखान्याची पायरी चढत नाही. मग मुलीशी एकटीशी. मग पालकांशी. मग सगळे एकत्र. आणि एकटीशी बोलायच्या आधीच सांगायचं की तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, पण जिवाला धोका वाटला किंवा कोणी तुझ्याशी वाईट वागतंय असं कळलं तर मला सांगावं लागेल, आणि कोणाला काय सांगायचं ते तुझ्याशी बोलूनच ठरवू. हे आधी सांगितलं की मुलं जास्त बोलतात, कमी नाही.

(पेशंट आला, संध्याकाळी लिहिते)

---

कलम_बहाद्दर | सोमवार, दुपारी ३:१५

निंबोणीताई येईपर्यंत कायद्याचं सांगून टाकतो कारण पालक बऱ्याचदा पोलिसांच्या भीतीने दवाखान्यातच नेत नाहीत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, खटला नाही, शिक्षा नाही, उलट त्याला उपचार देणं सरकारवर बंधनकारक. आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. हॉस्पिटलने एमएलसी (पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंद) केली तर पोलीस येऊन चार प्रश्न विचारतील, पण मुलगी आरोपी नाही हे डोक्यात पक्कं ठेवा.

एक मात्र आहे. १८ च्या आतल्या मुलामुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सो कायद्याखाली ते कळवणं बंधनकारक आहे, कौन्सेलरलाही. निंबोणीताई म्हणाल्या ते "सांगावं लागेल" त्यात हे येतं.

---

निंबोणी | सोमवार, रात्री ९:२०

हां, पुढचं. काय विचारतो आम्ही?

शेवटचं जे घडलं तो एक दिवस पकडतो आणि अक्षरशः तासातासाने मागे जातो. सकाळी उठलीस तेव्हा कशी होतीस, डबा खाल्लास का, कोण काय बोललं, घरी कोण होतं, कधी पहिल्यांदा मनात आलं, करायच्या आधी कसं वाटत होतं, केल्यावर कसं वाटलं, मग काय केलंस. या सगळ्यात हिऱ्यासारखा प्रश्न म्हणजे "याने तुला काय मिळतं गं?" रागावून नाही, खरंच जाणून घ्यायला. उत्तरं ऐकून पहिली काही वर्षं मी हादरायचे. कोणी म्हणतं डोक्यातला आवाज पाच मिनिटं बंद होतो. कोणी म्हणतं काहीच वाटेनासं झालं होतं, दुखलं की कळतं आपण आहोत. कोणी स्वतःला शिक्षा देत असतं. एक मुलगा म्हणाला होता, बापाला मारू शकत नाही म्हणून. उत्तर प्रत्येकाचं वेगळं, आणि उपचार त्या उत्तरावर ठरतो. अभ्यासाचं टेन्शन हे उत्तर नाही, ते लेबल झालं.

मरावंसं वाटतं का हे सरळ, त्याच शब्दात विचारायचं. विचारल्याने डोक्यात येत नाही, असलं तर बाहेर येतं. जीव द्यायच्या हेतूने नसलेलं आणि त्या हेतूने केलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण शेजारी शेजारी राहतात आणि एकाच मुलीचा हेतू सोमवारी एक आणि शुक्रवारी दुसरा असू शकतो. म्हणून दर भेटीत विचारायचं.

मग झोप, भूक, पाळी, शाळेत कोणी छळतंय का, प्रेमप्रकरण, फोटोवरून ब्लॅकमेल, घरातली मारहाण, दारू, वाचायला लिहायला अडचण आहे का (हे फार सुटतं, दहावीत कळतं की मुलाला डिस्लेक्सिया होता). मुलगा मुलगी कोण आवडतं हाही प्रश्न येतो पण तो घाईने नाही. आणि काय चांगलं चाललंय हेही, कोणाजवळ बरं वाटतं, कुत्रं आहे का, कबड्डी खेळते का. या सगळ्याला पहिल्या भेटीत तास दीड तास लागतो. आमच्या ओपीडीत बाहेर पन्नास माणसं बसलेली असताना हे नेहमी जमतं असं म्हणाले तर खोटं होईल, मग आम्ही दोन बैठकांत करतो, पण जाताना पुढची तारीख हातात देतो.

---

ओली_छत्री | मंगळवार, पहाटे २:१०

इथे रात्रपाळी आहे म्हणून अवेळी प्रतिसाद. मी मूळची अकोल्याची, इंग्लंडमध्ये मुलांच्या मानसिक आरोग्य टीममध्ये नर्स आहे. आमच्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये नाइसची (उपचार कसे करायचे ते ठरवून देणारी इथली संस्था) नवी गाइडलाइन आली, सेल्फ हार्मसाठीच, म्हणजे स्वतःला इजा करून घेण्याबद्दल, त्यात निंबोणी म्हणतात तेच स्वच्छ लिहिलंय: रिस्कचे स्केल वापरून भाकीत करू नका, लो मीडियम हाय असे गठ्ठे पाडू नका, आणि त्यावरून कोणाला उपचार द्यायचे कोणाला नाही हे तर मुळीच ठरवू नका. त्याऐवजी ही बाई, हा मुलगा, याच्या गरजा काय आणि सुरक्षित कसं ठेवायचं ते बोला. काळजी वाटत असेल तर ४८ तासांच्या आत परत संपर्क. आणि सेल्फ हार्म कमी करायचं औषध म्हणून गोळ्या देऊ नका असंही आहे त्यात. डिप्रेशन असेल तर डिप्रेशनची ट्रीटमेंट करा, ते वेगळं.

पण इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका हां. पहिली तपासणी छान होते आणि मग थेरपीसाठी महिनोनमहिने वेटिंग. एका बाबतीत तुमच्याकडची मावशी पद्धत आमच्या सिस्टीमपेक्षा भारी, मी मनापासून सांगतेय.

@आडनाव_नको, पूर्वी नव्हतं असं नाही, पूर्वी कोणी विचारत नव्हतं. १९९० ते २०१५ मधल्या पाहण्या एकत्र करून केलेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला, साधारण सहा लाख मुलं, त्यात जवळपास १७ टक्के मुलांनी कधी ना कधी केलेलं होतं. सुरुवात सरासरी तेराव्या वर्षी. वाढ झालीय हेही त्यात आहे, ते नाकारत नाही.

---

आडनाव_नको | मंगळवार, सकाळी ७:४०

१७ टक्के म्हणजे साठच्या वर्गात दहा. पटत नाही, पण असू दे. मग फोन काढला ते तरी बरोबर ना?

---

निंबोणी | मंगळवार, दुपारी १:५५

फोन शिक्षा म्हणून काढला तर तिच्या मैत्रिणीही गेल्या, मावशीही गेली. रात्री झोपताना सगळ्यांचे फोन हॉलमध्ये, पप्पांचासुद्धा, असा घरचा नियम केला तर ते वेगळं.

दाराची कडी काढली ते एक वेळ समजू शकते, पण तिला सांगून, किती दिवस ते ठरवून. गुपचूप तिचं सामान उचकटलं की ती फक्त लपवायला जास्त हुशार होते. त्याऐवजी घरातली औषधं कुलपात ठेवा, आजीच्या बीपीच्या गोळ्यांसकट. आणि शेतकरी घर असेल तर फवारणीची औषधं घरात नकोत, शेतातल्या खोलीत कुलपात, किल्ली एकाकडे. ग्रामीण भागात हे विसरू नका. मुलांच्या मनात आलेली ती लाट बऱ्याचदा काही मिनिटांची, तासाभराची असते, तेवढा वेळ हाताशी काही नसलं की निघून जाते.

आणि ती शपथ परत घ्या. आईचा जीव मुलीच्या हातात दिलात तुम्ही. आता पुन्हा झालं तर ती सांगणारच नाही. आम्हीसुद्धा पूर्वी "परत करणार नाही" असं लिहून घ्यायचो, काही उपयोग होत नाही त्याचा. आता सेफ्टी प्लॅन करतो. मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहायचा: माझं बिनसायला लागलंय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकटी काय करू शकते, कोणाजवळ जाऊन बसू शकते, कोणाला सांगू शकते, कुठे फोन करायचा, घरात काय हलवायचं. मोठ्यांनी डिक्टेशन दिलं की तो गेला वाया.

---

लोकलवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

दिवा फास्टमधून लिहितोय, टायपो माफ. इथे सगळे मुलगी मुलगी करतायत म्हणून. माझा मुलगा. तो भिंतीवर हात आपटायचा, बोटं सुजलेली, आम्ही म्हणायचो रागीट आहे, बापावर गेलाय, कौतुकाने सांगायचो पाहुण्यांना. दोनदा फ्रॅक्चर झालं, हाडाच्या डॉक्टरने प्लास्टर घातलं आणि घरी, एकानेही विचारलं नाही की भिंतीशी भांडण काय आहे तुझं. तिसऱ्या वेळी एका शिकाऊ डॉक्टरणीने मला बाहेर काढलं आणि त्याच्याशी अर्धा तास बोलली. नंतर कळलं दीड वर्ष क्लासमध्ये मुलं त्याला काय काय म्हणत होती. मी रोज त्याच्यासोबत जेवत होतो आणि मला माहीत नव्हतं. बास, स्टेशन आलं.

---

खडू_फळा | मंगळवार, रात्री १०:०५

लोकलवाला, लिहिलंत ते बरं केलंत.

शाळेतलं सांगते, मी नववी दहावीला शिकवते. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित कौन्सेलर हवा. आमच्याकडे कागदावर मीच कौन्सेलर, बीएडला मानसशास्त्राचा एक पेपर होता त्या जोरावर. वर्गात खुणा दिसल्या तर माझा शिरस्ता: सगळ्यांसमोर नाही, हात ओढून बघायचं नाही, असेंब्लीत भाषण तर अजिबात नाही (एका शाळेत ते केलं होतं आणि त्या पोरीने शाळाच सोडली). मधल्या सुट्टीत वह्या न्यायला बोलावते. "मला दिसलं, मी रागावले नाहीये, कोणाला सांगायचं ते दोघी ठरवू."

---

मृद्गंध | बुधवार, सकाळी ६:५०

सगळं दोनदा वाचलं, ताईला पण वाचायला दिलं. शपथ वाचून ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बसली.

आता ट्रीटमेंटचं सांगा ना कोणीतरी. आणि हे आयुष्यभर राहतं का?

---

ओली_छत्री | बुधवार, रात्री

आधी दुसरा प्रश्न. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात १९०० च्या वर मुलांचा १९९२ ते २००८ पाठपुरावा केला होता, किशोरवयात सेल्फ हार्म करणाऱ्यांपैकी साधारण ९० टक्के तरुण झाल्यावर करत नव्हते. म्हणजे बहुतेकांचं थांबतं. पण कृती थांबते म्हणून खालचं डिप्रेशन किंवा चिंता आपोआप जाते असं नाही, म्हणून वाट बघत बसायचं नाही.

ट्रीटमेंट म्हणजे बोलणं आणि शिकणं. आमच्याकडे भावना फार उसळणाऱ्या मुलांसाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) वापरतात, किशोरांसाठीची वेगळी आवृत्ती आहे. मूळ पद्धत अमेरिकेतल्या मार्शा लाइनहान यांची, त्यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः यातून गेल्या होत्या. नॉर्वेत ऑस्लोला ७७ मुलांवर ट्रायल झाली, १९ आठवड्यांचा कोर्स, नेहमीच्या उपचारांपेक्षा सेल्फ हार्म जास्त कमी झालं. त्यात चार गोष्टी शिकवतात, सोप्या भाषेत: आत्ता काय चाललंय ते लक्षात येणं, लाट आली की ती आणखी न बिघडवता काढणं, भावना ओळखून हाताळणं, आणि माणसांशी न भांडता न दबता बोलणं. किशोरांच्या कोर्समध्ये आईबाबांनाही बसवतात, वही घेऊन, गृहपाठासकट! त्यांना शिकायचं असतं ते सगळ्यात अवघड, की "तुला एवढं लागलं हे मला कळलं" असं म्हणणं म्हणजे "तू केलंस ते बरोबर" असं म्हणणं नव्हे.

---

निंबोणी | गुरुवार, दुपारी २:१०

आणि तालुक्याला डीबीटीवाला मिळणार नाही हे आत्ताच सांगते, पुण्यामुंबईतही शोधावा लागतो. म्हणून अडून बसू नका. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) येणारा, मुलांबरोबर काम केलेला, दर आठवड्याला भेटणारा एक माणूस मिळाला तरी खूप. सिव्हिलला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, तिथे चौकशी करा, सायकियाट्रिस्टला एकदा दाखवाच. डिप्रेशन निघालं आणि गोळी सुरू केली तर घाबरू नका, पण सुरुवातीचे काही आठवडे जास्त लक्ष ठेवायचं, त्या काळात काही मुलांत अस्वस्थपणा आणि मरणाचे विचार वाढू शकतात, आणि डॉक्टरला न विचारता गोळी एकदम बंद करायची नाही.

मधे एखाददा परत होईल. तेव्हा "सगळं मुसळ केरात" म्हणू नका. विचारा, या वेळी किती दिवसांनी झालं, मधले दिवस कसे काढलेस.

---

फुलपाखरू२२ | गुरुवार, रात्री ११:३०

मी थोडंसंच लिहिते. मी १४ ची होते, १८ ला थांबलं. मला बरं केलं असं एक काही नाही. थेरपिस्ट तिसरी चांगली मिळाली, पहिल्या दोघी माझ्या आईशीच बोलायच्या. आई रोज रात्री दहा मिनिटं माझ्या खोलीत येऊन जमिनीवर बसायची, काही विचारायची नाही, मटार सोलायची नाहीतर कपड्यांच्या घड्या. चारपाच आठवड्यांनी मी बोलले.

आणि मावशी तुम्ही सांगितलंत ते बरोबर केलंत. ती काही दिवस चिडेल. माझी आत्या गप्प बसली होती, मी म्हटलं म्हणून. मला अजून वाटतं तिने सांगायला हवं होतं.

---

मृद्गंध | साधारण अडीच महिन्यांनी

धागा वर काढतेय, उशीर झाला, माफ करा.

सिव्हिलला नेलं. तिथल्या मॅडम भाचीशी एकटीशी पाऊण तास बोलल्या, पुढच्या आठवड्यात परत. काय निघालं ते इथे लिहीत नाही, तिचं आहे ते. अभ्यास नव्हता एवढंच सांगते. दर आठवड्याला एक बैठक, महिन्यातून एकदा ताई आणि दाजी दोघंही. पहिल्या वेळी दाजी बाहेर गाडीतच बसून राहिले, दुसऱ्या वेळी आत गेले. कडी परत लावली, लावताना स्क्रू पकडायला तिलाच बोलावलं. मधे एकदा परत झालं, त्या रात्री तिने स्वतः ताईला उठवलं.

सेफ्टी प्लॅन तिने मला फोटो काढून पाठवला. "कोणाजवळ जाऊन बसू शकते" मध्ये पहिलं नाव आजी. कंसात लिहिलंय, फोन उचलत नाही, जाऊनच बसायचं, पत्ते खेळते, हरली की चिडते.

आता एक बारीकसा प्रश्न, फुलपाखरू तुला खास. नोव्हेंबरात घरात लग्न आहे. तिला अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज शिवायचाय, तिचाच हट्ट. ताईला धास्ती की शंभर बायका हात धरून विचारतील. काय सांगायचं?

---

फुलपाखरू२२ | त्याच रात्री

शिवू दे!! कोणता रंग?

मी सांगायचे, "जुनं आहे, आता बरंय." आणि लगेच त्यांनाच विचारायचे, काकू साडी कुठून घेतली. शंभरातल्या नव्वद तिथेच अडकतात. उरलेल्या दहाजणींसाठी आईला जवळपास उभं करा, पण तिने काय बोलायचं ते भाची ठरवेल, आधीच, घरी बसून.

---

आडनाव_नको | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:१५

आजी कोणता डाव खेळते? रमी असेल तर चिडणारच.